गाव विचारल्याविना कळत नाही



परगावचा पाहुणा अमरावतीस किंवा अकोल्यास येतो, दोन दिवसांचे काम आटोपतो आणि निघताना यजमानास सहज विचारतो, "तुमच्या वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे हो?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले आहे. "आमच्याकडे काय असणार? ऊन आणि पऱ्हाटी. फार तर चिखलदरा पाहून या." हे उत्तर देणारा गृहस्थ सुशिक्षित असतो. त्याच्या दिवाणखान्यात काश्मीर-केरळच्या सहलींची छायाचित्रे लावलेली असतात. महाबळेश्वरच्या बिंदूंची नावे त्याच्या मुलांना पाठ असतात. परंतु पूर्णा नदी कोठे उगम पावते आणि कोणत्या समुद्राला मिळते, हे त्याच घरात विचारले तर सारे एकमेकांकडे पाहू लागतात.

या उत्तरात विनय नाही, अपरिचय आहे. आणि हा अपरिचय आता महाग पडणार आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईकरिता प्रवासी विमानसेवा सुरू झाली. रस्ते रुंद झाले, वाहने वेगवान झाली. बाहेरचा माणूस पूर्वीपेक्षा सुलभतेने वऱ्हाडात येणार आहे. तो आल्यावर त्याला ही भूमी कोण समजावून सांगणार, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. कारण स्थळ डोळ्यांना दिसते, पण ते कळते तेथील माणसाच्या तोंडून. आणि ते सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

चिखलदऱ्याचा 'शोध'

चिखलदऱ्यापासूनच आरंभ करू. बहुतेक माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास आढळते. हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा शोध लावला, असे ते वाक्य. शाळेतील मुले ते पाठ करतात. त्या वाक्यापुढे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. चिखलदऱ्याच्या शेजारीच गाविलगडाचा प्रचंड दुर्ग उभा आहे. बहामनी सुलतान अहमदशहा याने तो १४२५ मध्ये बांधल्याचे फेरिश्ता लिहितो. म्हणजे रॉबिन्सन येथे पोहोचला तेव्हा त्या दुर्गाला चार शतके होत आली होती. दुर्गाच्या नावातच गवळी आहेत. सुलतानाच्या दगडी तटाआधी येथे गवळ्यांची मातीची गढी होती, अशी परंपरा आहे. या पठारावर गवळी म्हशी चारीत होते, कोरकू बांधव दऱ्याखोऱ्यांत शेती करीत होते, झऱ्यांना आणि डोंगरधारांना नावे होती. जे ठिकाण इतक्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याचा 'शोध' लागला असे म्हणणे म्हणजे त्या लोकांना मोजणीतून वगळणे होय.

इंग्रज अधिकाऱ्याला थंड हवेची जागा हवी होती, ती त्याला सापडली. त्याच्या दृष्टीने तो शोधच होता. त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न आपला आहे. स्वातंत्र्याला पाऊण शतक उलटून गेल्यावरही चिखलदऱ्यास जाणारा वऱ्हाडी माणूस त्याच दृष्टीने तेथे जातो. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर वाहन नेतो, छायाचित्रे काढतो, भुट्टे खातो आणि सायंकाळी परततो. कॉफीच्या झाडाजवळून जाऊनही ते कॉफीचे झाड आहे हे त्याला कळत नाही. ज्या गवळ्याच्या खव्याची आणि रबडीची चव तो घरी येऊन वर्णन करतो, त्या गवळ्याशी त्याने दोन वाक्येही बोललेली नसतात. पावसाळ्यात म्हशी कोठे बसतात, कोणत्या उतारावरचे गवत दुभत्याला मानवते, कोणता झरा वैशाखातही आटत नाही, हे सांगणारा मनुष्य समोर असतो आणि आपण त्याला फक्त भाव विचारतो.

म्हाइंभटांची रीत

स्थळ जाणून घ्यावे कसे, याचा धडा शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. तो अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात आहे. महानुभाव पंथाचे हे परमस्थान. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या आणि 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. भाषेचा इतिहास शिकताना ही माहिती सर्वांनाच मिळते. परंतु म्हाइंभटांनी काम कोणत्या पद्धतीने केले, याकडे फारसे लक्ष जात नाही.

स्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी मिळविल्या. कोणी काय पाहिले, कोठे पाहिले, हे विचारून घेतले. आठवणी सांगणाऱ्यांत विद्वान होते आणि साधी माणसेही होती, पुरुष होते आणि स्त्रियाही होत्या. नागदेवाचार्यांकडून त्या आठवणींची खातरजमा करून घेतली गेली. प्रसंग कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या चौकात घडला, याची नोंद ठेवण्यात आली. पुढे चौदाव्या शतकात याच परंपरेत 'स्थानपोथी' तयार झाली. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, थांबले, त्या स्थानांची ती नोंदवही आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, तेथून नदी कोणीकडे, असे तपशील तीत आढळतात. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित करून अभ्यासकांच्या हाती दिली. यादवकालीन महाराष्ट्रातील गावे आणि देवळे कशी वसली होती, हे शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना आज तिचा उपयोग होतो.

छापील पुस्तके नव्हती, नकाशे नव्हते, तेव्हा मराठी माणसाने आपल्याच भाषेत स्थळांची अशी काटेकोर नोंद केली. विचारावे, पडताळावे, स्थळ आणि दिशा लिहून ठेवावी, ही ती रीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. या दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. तथापि अमरावती शहरातील किती कुटुंबांनी रिद्धपूर पाहिले आहे? आणि पाहिले असल्यास, राजमठाच्या ओट्याजवळ बसून तेथील महंतांना वा वृद्ध भाविकांना किती जणांनी प्रश्न विचारले आहेत? ज्या गावाने मराठीला विचारण्याची रीत दिली, त्या गावीच आपण काही न विचारता जाऊन येतो.

एका महिन्यात पालटलेला इतिहास

किल्ल्यांचेही तसेच आहे. १८०३ साली दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट वऱ्हाडात झाला. २९ नोव्हेंबर रोजी अडगावच्या मैदानावर लढाई झाली. हे अडगाव आज अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे. १५ डिसेंबर रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. एका महिन्याच्या अवधीत, एकमेकांपासून बैलगाडीच्या अंतरावर असलेल्या या गावांत हिंदुस्थानच्या सत्तेचे पारडे फिरले. वेलस्ली हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. वॉटर्लूचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते. अडगाववरून एस.टी.ने जाणाऱ्या प्रवाशाला मात्र या मातीत काय घडले, याची कल्पना नसते.

गाविलगडावर जाणाऱ्याने त्या तटबंदीकडे पाहताना एक प्रश्न मनाशी धरावा. एवढा बलाढ्य दुर्ग पडला कसा? दक्षिणेकडून पाहिले तर कडे सरळ खाली उतरतात. तेथून चढणे जवळपास अशक्य. परंतु उत्तरेकडे हा गड एका अरुंद पट्टीने पठाराला जोडलेला आहे. स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरांतून ओढत फिरवून त्या बाजूस आणल्या आणि तेथून तटाला खिंडार पाडले. आतल्या तटाशी पुन्हा लढाई झाली, शिड्या लावून तो ओलांडण्यात आला. किल्लेदार बेनीसिंह राजपूत याने शरणागती न पत्करता लढत देह ठेवला. जंगल आणि वाटा जाणणाऱ्या एखाद्या स्थानिक माणसाबरोबर उत्तर बाजूस जाऊन उभे राहिले की ही सारी लढाई पाच मिनिटांत उमगते. एरवी दिवसभर गड हिंडूनही दगडच दिसतात.

अकोट तालुक्यातील नरनाळ्याचे महत्त्वही असेच समजून घ्यावे लागते. शहानूर गावातून वर चढताना लागणारा महाकाली दरवाजा १४८७ मध्ये इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळात उभा राहिला. त्याच्या फिकट पाषाणावर एकीकडे फारसी-अरबी अक्षरे आहेत, तर दुसरीकडे कमळे. हात येथल्या पाथरवटांचा, आज्ञा सुलतानाची, हे तो दगडच सांगतो. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने त्याच्या बांधकामास आरंभ केला आणि १७५७ मध्ये अचलपूरच्या इस्माईलखानाने तो पुरा केला. त्याच बाळापुरात नदीकाठी एक छत्री आहे. पुरंदरचा तह घडवून आणणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगांची छत्री म्हणून ती ओळखली जाते. शिवचरित्राची पारायणे करणाऱ्या कितीतरी घरांना ही छत्री आपल्या जिल्ह्यात आहे, हे ठाऊक नाही. बार्शिटाकळीच्या कालिकामातेच्या मंदिरात शके १०९८ चा शिलालेख आहे. नवरात्रात तेथे गर्दी उसळते. दर्शनानंतर पुजाऱ्याला "तो लेख कोठे आहे?" एवढे विचारणारा भाविक विरळा.

पाण्याची आणि पिकाची भाषा

स्थळ म्हणजे केवळ देवळे आणि किल्ले, असे मानण्याची चूक करू नये. भूमीचा स्वभाव कळला तरच गाव कळते. पूर्णा सातपुड्यात बैतुलकडे उगम पावते, पश्चिमेस वाहत तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेकडील वर्धा नदी मात्र दक्षिणेकडे वळते, पुढे प्राणहिता आणि गोदावरीमार्गे तिचे पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. याचा अर्थ असा की, जिल्ह्याच्या एका शिवारात पडलेला पाऊस द्वारकेच्या समुद्राकडे निघतो आणि दुसऱ्या शिवारातला जगन्नाथपुरीच्या समुद्राकडे. हा जलविभाजक मुलांना दाखविण्यासाठी कोणत्याही सहल कंपनीचे तिकीट लागत नाही.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागांतून जाताना काळीभोर जमीन मैलोन्‌मैल सपाट दिसते. पाहुण्याला वाटते, किती समृद्ध प्रदेश! तेथील शेतकरी त्याला सांगेल की, हा खारपाणपट्टा आहे. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिण्याच्या कामाचे नसते आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. म्हणून पावसाच्या ओलीवर येणारा कापूस, तूर आणि रब्बीतला हरभरा हाच येथील आधार. जेथे विहिरीला पाणी असूनही लेक देताना बाप गावच्या पिण्याच्या पाण्याची चौकशी करतो, त्या गावाचे दुःख रस्त्यावरून कळत नाही. कोणाच्या तरी ओसरीवर बसून, समोर आलेला पाण्याचा तांब्या कोठून भरून आणला आहे हे विचारले की कळते.

याच जिल्ह्यात वरुड-मोर्शीचे संत्रीचे मळे आहेत. 'नागपुरी संत्रा' या नावाने देशभर जाणाऱ्या फळांपैकी कितीतरी फळ येथले असते. आंबिया बहर आणि मृग बहर यांतील भेद बागाईतदाराकडून समजून घेतला, बहर धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण का द्यावा लागतो हे ऐकले, म्हणजे पुढच्या वेळी टोपलीतील संत्रे हाती घेताना त्यामागचे वर्षभराचे कष्ट दिसू लागतात. अंजनगाव सुर्जीकडे नागवेलीचे पानमळे आहेत आणि पानपिंपळी हे औषधी पीकही घेतले जाते. वेल कशी बांधावी, सावली किती ठेवावी, पान कोणत्या अवस्थेत खुडावे, हे बारी समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांच्या मळ्यात एक तास घालविणे हे कोणत्याही प्रदर्शनापेक्षा अधिक शिकविणारे आहे.

भाषेचीही गंमत ध्यानी घ्यावी. पुण्याचा पाहुणा अमरावतीत 'सांबारवडी' हे नाव ऐकतो आणि इडलीबरोबरचे सांबार येईल असे समजतो. येथे सांबार म्हणजे कोथिंबीर! भेदरं म्हणजे टोमॅटो, वावर म्हणजे शेत, पऱ्हाटी म्हणजे कपाशी. शब्द कळले की माणसे मोकळी होतात. गो. नी. दांडेकरांचा जन्म १९१६ मध्ये परतवाड्याचा. आयुष्यभर गड-किल्ले आणि नद्यांचे काठ पायी तुडविलेल्या या लेखकाने 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिला वऱ्हाडी बोलीच दिली. नदीकाठच्या माणसांचे मन त्यांच्या बोलीवाचून उघडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपली मुले मात्र हीच बोली ऐकून हसतात, आणि आईवडील त्यांना तसे हसू देतात.

सातपुड्याची साक्ष

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ पासून तेथे वाघाचे संरक्षण सुरू आहे. येथे येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना फक्त वाघ पाहावयाचा असतो. वाघ दिसला नाही की फेरी वाया गेली, असे म्हणत ते परततात. ज्या सिपना नदीच्या काठी कोलकासला ते मुक्काम करतात, त्या नदीच्या नावाचा अर्थ कोरकू भाषेत साग असा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कोरकू या शब्दाचा अर्थच 'माणसे'. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातील नाही, शेजारच्या गोंडीच्याही कुळातील नाही. तिचे नाते झारखंडमधील संथाळी-मुंडारीशी आहे. एवढ्या दूरच्या भाषाभगिनींची ही बहीण सातपुड्यात टिकून राहिली. जंगलातील झाडे, कंद, पक्षी यांचे ज्ञान तिच्या शब्दांत साठविलेले आहे.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या सेवेत मेळघाटातही काम केले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पक्षिशास्त्रावरील आणि जंगलावरील त्यांचे लेखन मराठीचे धन आहे. त्यांनी स्वतः वारंवार कृतज्ञतेने नोंदविले की, ही विद्या त्यांना आदिवासी, पारधी आणि मासेमार यांच्या सहवासात मिळाली. अधिकाराच्या खुर्चीवर असलेला मनुष्य जंगलातील माणसापुढे विद्यार्थी म्हणून बसला, म्हणून ती विद्या ग्रंथात आली. लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, तेही कोरकू कारागिरांच्या हातातील कसब ओळखून. आज सुनीलजी हयात नाहीत, पण येथील बांबूच्या राख्यांनी मेळघाटची ओळख दूरदूरच्या घरांत पोहोचविली.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मोर्शीच्या उत्तरेला, महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या सीमेवर धारूळ गावाजवळ डोंगरात अंबादेवीची गुहा आहे. परिसरातील भाविक तेथे दर्शनाला जात असत. जानेवारी २००७ मध्ये अमरावती परिसरातील डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गप्रेमी सहकारी त्या डोंगरात भटकत असता त्यांना प्रागैतिहासिक चित्रे असलेले शैलाश्रय आढळले. पुढील भटकंतीत अशा शंभरांहून अधिक शैलाश्रयांची नोंद झाली. हत्ती, गेंडे, शिकारी माणसे, असे हजारो वर्षांपूर्वीचे जग त्या खडकांवर उमटलेले आहे. हे कार्य कोणा परदेशी मोहिमेने केले नाही. रविवारची सुटी डोंगरात घालविणाऱ्या वऱ्हाडातील मंडळींनी केले. आणि त्यांच्या आधी त्या डोंगराची वाट जिवंत ठेवली ती अंबादेवीच्या साध्या भक्तांनी. श्रद्धेने वाट राखली, जिज्ञासेने ती वाचली. दोन्हींची गरज होती.

याच सातपुड्यात एक हानीही होत आहे, तिची नोंद घेणे कर्तव्य आहे. वाघांना निर्वेध अधिवास मिळावा म्हणून २००१ नंतर कोहा, कुंड, बोरी आणि पुढे वैराट, चुर्णी, पस्तलाई अशी गावे जंगलाबाहेर वसविण्यात आली. वन्यजीवांच्या दृष्टीने त्याचा लाभ झाला, अनेक कुटुंबांना रस्ता, शाळा, दवाखाना जवळ मिळाला. परंतु गाव हलले की नाल्याचे, टेकडीचे, पाणवठ्याचे नाव उच्चारणारे तोंडही तेथून हलते. त्या गावात जन्मलेले वृद्ध आज सपाटीवरच्या वसाहतींत आहेत. नातवंडांनी ती टेकडी पाहिलेली नाही. येत्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्याकडून ही नावे लिहून घेतली नाहीत, तर मेळघाटचा एक कोश कायमचा मिटेल. हे काम सरकारी खात्याने करावे म्हणून वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही. अकोट-अंजनगावचा एखादा शिक्षक, एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी हे करू शकतो.

आख्यायिका आणि इतिहास

स्थानिक माणूस सांगेल ते सारे डोळे मिटून स्वीकारावे, असा याचा अर्थ नाही. चिखलदऱ्याचे लोक सांगतात की, भीमाने कीचकाचा वध करून त्याला दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंड. जवळच्या वैराटचे नाते विराटनगरीशी जोडले जाते. राजस्थानातील बैराटही तेच सांगते. वऱ्हाड हे नाव रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडावरून आले असे आजी सांगते, तर अभ्यासक ते वरदा म्हणजे वर्धा नदीच्या तटाशी जोडून पाहतात. अकोल्याच्या राजराजेश्वराची कथा अशी की, राणी रात्री कोठे जाते म्हणून राजा संशयाने तिच्या मागे गेला, तेव्हा ती शिवाच्या आराधनेत मग्न होती आणि राजाच्या संशयाने व्यथित होऊन तिने देवाकडेच आश्रय मागितला.

या कथांची उलटतपासणी न्यायालयातील साक्षीदारासारखी करू नये आणि त्यांना शिलालेखाचा दर्जाही देऊ नये. म्हाइंभटांची रीत येथे पुन्हा उपयोगी पडते. कोणी सांगितले, कोठे सांगितले, हे नोंदवावे आणि परंपरेला परंपरा म्हणावे, प्रमाणाला प्रमाण. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, ही वऱ्हाडची श्रद्धा. तेथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून सुरू असल्याचे सांगितले जाते, ती परंपरा. आणि आजही शेकडो वारकरी ती पालखी घेऊन आषाढीसाठी पायी पंढरीस जातात, हे डोळ्यांनी दिसणारे सत्य. माहेरची माणसे लेकीला भेटावयास निघतात, हा भाव समजला की त्या वारीचा अर्थ कळतो. तो समजण्यासाठी पालखीबरोबर चार कोस चालावे लागते.

काय करता येईल?

ज्याला वऱ्हाड जाणून घ्यावयाचे आहे त्याने आधी काळ ओळखावा. अकोल्याची कावड यात्रा पाहावी ती श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी. तरुणांची पथके गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि खांद्यावर कावडी घेऊन चालत येऊन राजराजेश्वराला अभिषेक करतात. बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. थंडीत गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी तेथेच खावी. ऋणमोचनला पौषातील रविवारी जावे. पूर्णेच्या काठी बांधलेल्या घाटामागे संत गाडगेबाबांचे श्रम आहेत. त्याच पौषी यात्रेत त्यांनी लोकसेवेचा श्रीगणेशा केला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या महापुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. गरीब यात्रेकरूला निवारा मिळावा, ही त्यामागची तळमळ. गावात शिरताना त्यांच्या हाती खराटा असे. आजचा प्रवासी गावातून निघताना मागे प्लास्टिक ठेवून जातो. दोहोंतील अंतर प्रत्येकाने स्वतःच मोजावे.

दुसरे, विचारणाऱ्याने पायरी ओळखावी. वृद्धाला 'आबाजी' म्हणून हाक मारावी, बाईला 'माय' म्हणावे, दिलेला चहा नाकारू नये, घाई करू नये. पहिला प्रश्न 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' असा नसावा. 'यंदा पाऊस कसा झाला?' असा असावा. त्या एका प्रश्नातून गावाचे पाणी, पीक, कर्ज, यात्रा, सारे उलगडत जाते. एस.टी.चा वाहक, शाळेतील गुरुजी, देवळाचा गुरव, वनरक्षक, बागेचा राखणदार, बाजारातील भाजीवाली, ही माणसे जिल्ह्याची चालती-बोलती ग्रंथालये आहेत.

तिसरे, व्यवहार सचोटीचा असावा. वाट दाखविणाऱ्या कोरकू तरुणाचे श्रम 'गप्पा मारत आला बिचारा' म्हणून फुकट घेऊ नयेत. त्याला ठरवून मोबदला द्यावा. जेवण गावातल्या घरी सांगावे. प्रवासात खर्च होणाऱ्या रुपयातील काही आणे तरी त्या भूमीत राहिले पाहिजेत. जाणकारीला किंमत आहे हे दिसले, तरच गावातील पुढची पिढी आजोबांकडून ती शिकून घेईल.

आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. दर दोन महिन्यांनी आपल्याच जिल्ह्यातील एक गाव निवडावे, मुलांना घेऊन जावे आणि त्या वहीत मुलांच्याच हाताने चार गोष्टी लिहाव्यात. पाणी कोठून येते, देऊळ कोणाचे व त्याची कथा कोणी सांगितली, पीक कोणते, आणि ऐकलेले पाच नवे शब्द. वर्षाला सहा गावे होतात. पाच वर्षांत तीस. एखाद्या नगरातील पन्नास कुटुंबांनी हे केले तर अमरावती-अकोल्याची एक नवी स्थानपोथी सिद्ध होईल. तिच्यासाठी अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. पायांना थोडे कष्ट आणि जिभेला विचारण्याची सवय, एवढे पुरते.

मग पुढच्या वेळी पाहुणा विचारील, "तुमच्या वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे हो?" तेव्हा घरातील दहा वर्षांचे मूल ती वही घेऊन पुढे येईल आणि विचारील, "काका, तुमच्याजवळ दिवस किती आहेत?"